फ्रीजरमधल्या पाकिटांची तारीख उलटलीय, खायची की टाकायची?

अबोली

सासूबाई आणि सासरे मे महिन्याच्या शेवटी नणंदेकडे न्यू जर्सीला गेले होते, ते परवा रात्री परतले. आम्ही वाकडला राहतो, त्यांचं घर कोथरूडला. घर पाच महिने बंद होतं, पण फ्रीज मुद्दाम चालू ठेवला होता, कारण जायच्या आधी आईंनी फ्रीजर गच्च भरला होता. आज मी आवरायला आलेय आणि फ्रीजरचं दार उघडून उभी आहे.

आत आहे ते असं. हापूसच्या रसाचे सहा डबे (नुसता रस आणि साखर, दूध नाही). जानेवारीत घरी सोललेल्या मटारच्या दोन पिशव्या. खवलेला नारळ. अळूवडीचे उकडलेले उंडे. मालवणहून दिरांनी मासेमारी बंद व्हायच्या आधी पाठवलेले साफ केलेले किलोभर बांगडे. शिवाय विकतचं: मटारचं पाकीट (तारीख ऑगस्ट), पराठे (जुलै), चिकन सॉसेज (जून).

आई म्हणतात, "बर्फात काही नासत नाही गं, पन्नास वर्षं संसार केलाय मी." बाबांनी तर आज दुपारी बांगड्यांचं तिखलं करायला सांगितलंय. बाबा ७८ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, गेल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेला. मी त्यांना कसंबसं संध्याकाळपर्यंत थांबवलंय. यातलं काय ठेवू आणि काय टाकू? कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया आजच सांगा.

गवतीचहा

तारीख उलटली की टाकून द्यायचं, विचार करत बसू नका. दोनशे रुपयांच्या पाकिटासाठी बाबांना दवाखान्यात न्यायची वेळ यायला नको.

दहिवर

अबोलीताई, गोठवलेल्या भाज्या आणि फळांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात माझी १९ वर्षं गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड ठिकाणी जिवाणू वाढत नाहीत. ते मरत मात्र नाहीत, निपचित पडून राहतात. माल पुन्हा कोमट झाला की जिथे थांबले होते तिथून पुढे वाढू लागतात. म्हणून एखादं पाकीट पहिल्या दिवसापासून अखंड उणे १८ वर राहिलं असेल, तर निव्वळ तारीख महिना-दोन महिने उलटली म्हणून ते नीट शिजवून खाणारा आजारी पडत नाही. अमेरिकेचं कृषी खातं तर सरळ म्हणतं की या तापमानाला अखंड ठेवलेलं अन्न सुरक्षितच राहतं, घसरते ती चव आणि पोत.

मग तारीख कशाची? कारखान्यात आम्ही नमुने महिनोन्‌महिने ठेवून रंग, वास, चव, पाणी किती सुटतं ते तपासतो. ग्राहकाला माल खराब वाटेल त्याच्या पुरेसा आधीचा दिवस पाकिटावर छापतो. मटारचा हिरवेपणा जातो, पराठा कडेने कोरडा पडतो, सॉसेजमधली चरबी खवट होते. थंडीतही चरबीवर हवेचा परिणाम हळूहळू होतच राहतो, आणि मीठ असेल तर आणखी लवकर. सॉसेज म्हणजे चरबी आणि मीठ दोन्ही, त्यामुळे फ्रीजरमध्येही त्याची चव दोन महिन्यांत उतरायला लागते. साधं न मुरवलेलं चिकन नऊ महिने चांगलं राहतं.

पाकिटातल्या चिकनवर किंवा माशावर पांढरट, कोरडे, चामड्यासारखे डाग दिसतात ना, तिथलं पाणी बर्फातून थेट हवेत उडून गेलेलं असतं. ते खाल्ल्याने काही होत नाही, चोथा लागतो इतकंच. तेवढा भाग कापून टाकावा.

आपल्याकडची कायद्याची बाजूही सांगतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी पाकिटावर 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची केली, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवली. एक्सपायरीनंतर दुकानदाराला तो माल विकता येत नाही. तेव्हा दुकानात तारीख उलटलेलं पाकीट दिसलं तर घेऊ नका, परत करा. इथे मी फक्त घरच्या फ्रीजरमध्ये तारीख ओलांडलेल्या पाकिटाबद्दल बोलतोय.

आता तारखेच्या शेजारची ओळ वाचा. तिथे 'उणे १८ अंश किंवा त्याखाली साठवावे' असं लिहिलेलं असतं. ती अट पाळली गेली असेल तरच तारखेला अर्थ आहे. म्हणून तारखेआधी मला एक सांगा, या पाच महिन्यांत तिथे लाईट गेली होती का? आणि गेली असेल तर किती वेळ?

राईनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथे दोन वेगळ्या तारखा असतात. एक 'किमान इतके दिवस टिकेल' या अर्थाची, गोठवलेल्या मालावर तीच छापतात. ती उलटल्यावर लोक बघून, चाखून खातात. दुसरी 'या दिवसापर्यंतच वापरा' अशी, ताज्या खिम्यावर वगैरे. ती उलटली की टाकायचंच.

मला इथे आल्यावर कळलेली दुसरी गोष्ट म्हणजे फ्रीजरवरचे तारे. फ्रीजरच्या दारावर किंवा आत बर्फाच्या पाकळीसारखे तारे छापलेले असतात. एक तारा उणे ६, दोन तारे उणे १२, तीन तारे उणे १८. चार तारे असतील तर तो फ्रीजर ताजं अन्न घरी गोठवायलाही समर्थ. इथल्या मटारच्या पाकिटावर तक्ताच असतो: एका ताऱ्यात काही दिवस, दोन ताऱ्यांत काही आठवडे, आणि छापलेली तारीख फक्त तीन तारे आणि त्यावरच्यांना लागू.

भारतात फ्रीजच्या दारावर विजेच्या बचतीचे तारे चिकटवलेले असतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. माझ्या आईकडे सांगलीला जुना एकदारी फ्रीज आहे, त्यात वरच्या कप्प्याला दोनच तारे आहेत. तिथे पाकिटावरच्या तारखेवर विसंबून चालणार नाही, त्याच्या बऱ्याच आधी संपवायला हवं. अबोली, आईंचा फ्रीज कोणता आहे?

श्रीवर्धनकर

दहिवर यांनी लाईटचं विचारलं ते फार बरं केलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. तो पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या सुमाराचा काळ. बंदी ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे ज्यांच्याकडे फ्रीजर आहे त्यांच्या घरी दोन महिन्यांची बेगमी भरलेली होती. आमच्याकडे कोलंबी, सुरमई, पापलेट. वादळात खांब आडवे झाले आणि आमच्या वाडीत लाईट यायला तीन आठवड्यांहून जास्त लागले.

पहिल्या दिवशी कुणी फ्रीजरकडे बघितलंसुद्धा नाही, कौलं गेलेली, पोफळीची बाग झोपलेली. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, दार उघडू नका, जितकं बंद राहील तितकं बरं. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा वरची सुरमई बोटाने दाबली तर खड्डा पडत होता, तळाची कोलंबी अजून दगड. तिने तळाचं तेवढं काढून त्याच दुपारी शिजवलं, शेजाऱ्यांना दिलं, बाकी सगळं खड्डा खणून पुरलं. तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना हळहळ वाटली. पलीकडच्या आळीत एका घरी "धुऊन घेतलं की होतं" म्हणून ठेवलं आणि रस्ते बंद असताना चार माणसांना जुलाब-उलट्यांनी हैराण केलं. सलाईन मिळायची मारामार होती. अशा वेळी आजारी पडणं म्हणजे काय ते मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

तेव्हापासून एक हिशोब भिंतीवर लिहून ठेवलाय. दार न उघडता गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज फक्त ४ तास.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीज दोनदारी आहे, वरचा फ्रीजर, आत चार तारे दिसले.

पण लाईटचं विचारल्यावर खाली जाऊन वॉचमनदादांना विचारलं. ते म्हणाले, जुलैत पावसात सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, शनिवारी दुपारी गेलेली लाईट सोमवारी सकाळी आली. आम्हाला कुणी कळवलं नाही, घर बंदच होतं. म्हणजे साधारण ४४ तास. फ्रीजर गच्च होता. ४८ तासांच्या आत आहे, मग चालेल ना?

दहिवर

ताई, तो ४८ तासांचा अंदाज चांगल्या, वेगळ्या उभ्या किंवा आडव्या फ्रीजरसाठी धरा. फ्रीजच्या वरचा लहान कप्पा, दाराचं रबर जुनं, बाहेर पुण्याची जुलै, यात तो वेळ कमी होतो. नेमका किती ते तुमच्या फ्रीजरमधला बर्फच सांगेल. चार गोष्टी बघून लिहा.

१. बर्फाचे सुटे खडे डब्यात काढून ठेवले होते का? ते सुटे आहेत की एकमेकांना चिकटून एक लादी झालीय?
२. विकतचे मटार पाकिटात खुळखुळतात की ढेकूळ झालंय?
३. बांगड्यांच्या पिशवीत तळाशी लालसर पाणी गोठलेलं आहे का?
४. रसाच्या डब्यांची झाकणं सपाट आहेत की फुगलीत?

चुलीवरचं

एवढं कशाला, नाकाने वास घ्या. आपल्या आज्यांनी वासावरच अन्न ओळखलं. वास बरा असेल तर माल बरा.

दहिवर

चुलीवरचं, नाक उपयोगाचं आहे, पण त्याचं काम अर्धंच. अन्न नासवणारे जिवाणू वास सोडतात. माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. शिवाय गोठलेल्या वस्तूचा वास येत नाही, आणि वास घ्यायला ती वितळवली की नवं घड्याळ सुरू होतं. वास वाईट असेल तर टाका, एवढंच नाक सांगू शकतं. वास चांगला आहे म्हणून खा, असं ते सांगू शकत नाही.

मृण्मयी

मधेच एक विचारते. मला सहावा महिना आहे. गोठवलेला मका वितळवून तसाच सॅलडमध्ये घालते, चालतं ना? तारीख पुढच्या वर्षीची आहे.

दहिवर

मृण्मयी, कृपया तसाच खाऊ नका. पाकिटातला मका आणि मटार उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, पण ते शिजवलेले नसतात आणि थेट खायला म्हणून बनवलेले नसतात. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरियाची साथ पसरली. पाच देशांत ४७ रुग्ण आणि ९ मृत्यू नोंदले गेले. त्या पाकिटांचा तारखेशी काही संबंध नव्हता. लिस्टेरिया हा फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढणारा जिवाणू आहे आणि गरोदरपणात तो बाळापर्यंत पोचू शकतो. वाफ निघेपर्यंत पाच मिनिटं नीट शिजवा, मग थंड करून सॅलडमध्ये घाला. म्हाताऱ्या माणसांनाही हेच लागू.

मृण्मयी

खूप खूप धन्यवाद दादा. आजपासून शिजवूनच.

अबोली

सगळं बघितलं. हात गार पडलेत, पण नीट बघितलं.

बर्फाचे खडे आईंनी स्टीलच्या डब्यात काढून ठेवले होते. आता डब्याच्या तळाला एकच सपाट लादी आहे, वरून काचेसारखी गुळगुळीत. एकही खडा सुटा नाही. विकतचे मटार म्हणजे वीट झालीय, पाकिटाच्या एका कोपऱ्यात सगळे घसरून तिथेच गोठलेत. बांगड्यांच्या पिशवीच्या तळाशी बोटभर जाडीचा तपकिरी-लाल बर्फ आहे, आणि त्याचा ओघळ खालच्या पराठ्यांच्या पाकिटावर उतरून गोठलाय. रसाच्या सहापैकी दोन डब्यांची झाकणं घुमटासारखी वर आलीत. चार सपाट आहेत. नारळ हाताला तेलकट लागतोय.

आई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. बर्फाची लादी बघितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

श्रीवर्धनकर

म्हणजे पूर्ण पाणी झालं होतं. बांगडे नका ठेवू, ताई. बाबांना आमच्यातर्फे हात जोडून सांगा.

दहिवर

बर्फाचे खडे वितळून लादी झाली याचा अर्थ आतलं तापमान शून्याच्या वर गेलं, आणि मटार घसरण्याइतका वेळ तिथे राहिलं. तेव्हा तारखा विसरा आणि प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार करा.

बांगडे टाका. याचं कारण आईंना नीट समजावून सांगा, कारण "चांगलं खरपूस तळते" असं त्या म्हणतील. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात एक घटक असतो. मासा गरम जागी राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, उकळून जात नाही, तळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आली. ७८ वर्षांच्या माणसाच्या अंगावर हा प्रयोग नको. शिवाय बांगडा तेलकट मासा आहे, लाईट गेली नसती तरी दोन-तीन महिन्यांनंतर त्याची चव उतरलीच असती.

सॉसेज टाका. पराठे एरवी मी ठेवले असते, पण त्यांच्यावर माशाचं पाणी ओघळलंय, तेही टाका. दोन्ही मटार टाका. भाजी चार अंशांच्या वर सहा तासांहून जास्त राहिली तर टाकायची असा संकेत आहे, आणि इथे ते तास किती होते हे सांगणारं कुणी नाही. अळूचे उंडे शिजवलेले, बेसनाचे, ओलसर, तेही टाका. नारळ खवट झालाय, टाका.

रसाचं मात्र वेगळं आहे. आंब्याचा रस आंबट असतो, त्यात रोगजंतू सहसा वाढत नाहीत. वाढतं ते यीस्ट, म्हणजे रस आंबतो, वायू होतो, झाकण फुगतं. वितळून पुन्हा गोठलेला फळांचा रस बुरशी, आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा नसेल तर वापरता येतो, असं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातही आहे. फुगलेले दोन डबे न चाखता टाका. सपाट चार डबे फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळवा, वास घ्या, वरून बघा. ठीक असतील तरी बाबांना तसाच रस वाढू नका. जाड बुडाच्या कढईत आटवा.

राईनकाठ

आणि फ्रीजर रिकामा झाला की साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घे. ते लाल पाणी जाळीखाली आणि दाराच्या रबरात गेलेलं असतं, तिथे जुना ब्रश वापर.

गवतीचहा

मी सुरुवातीला सरसकट टाका म्हणाले, पण कारण माहीत नव्हतं. माझ्या फ्रीजरमध्ये तारीख न उलटलेली पाकिटं आहेत आणि गेल्या महिन्यात आमच्याकडे दीड दिवस लाईट नव्हती. मी आत्ता उठून बघणार आहे. दहिवर, पुढच्या वेळी आपण घरी नसताना लाईट गेली होती की नाही हे ओळखायचा सोपा उपाय आहे का?

दहिवर

आहे. वाटीत पाणी घालून फ्रीजरमध्ये पक्कं गोठवा, वर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. तळाशी गेलं असेल तर सगळं पाणी झालं होतं. मधे अडकलं असेल तर अर्धवट वितळलं होतं, तेव्हाही मासे, मांस, आईस्क्रीम टाकलेलं बरं.

आणि तुमचा दीड दिवस: पाकीट उघडल्यावर आत अजून बर्फाचे कण होते, किंवा फ्रीजमध्ये असतो तितका गारवा होता, तर पुन्हा गोठवता येतं, फक्त चव उतरते. बाहेर ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं काहीच पुन्हा गोठवायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात तर एकच तास धरा. म्हणून वितळवायचं तेही ओट्यावर नको, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवायचं.

चुलीवरचं

हिस्टामिनचं मला माहीत नव्हतं. माझ्या मामांना एकदा कुप्याचं सुकं खाऊन असंच तोंड लाल होऊन धाप लागली होती, पुढे त्यांनी आयुष्यभर मासे सोडले. मासा चांगलाच लागत होता म्हणायचे. आता उलगडा झाला.

अबोली

शेवटचं कळवते. बांगडे, सॉसेज, पराठे, मटार, उंडे, नारळ सगळं दोन पिशव्यांत बांधून ओल्या कचऱ्यात दिलं. फुगलेल्या एका डब्याचं झाकण पिशवीत टाकताना आपोआप उडालं आणि स्वयंपाकघरभर ताडीसारखा वास सुटला. त्यानंतर आईंनीच दुसरा डबा हातात घेऊन पिशवीत टाकला.

वाईट वाटलं ते जानेवारीच्या मटारचं. आईंनी आठ किलो शेंगा एका दुपारी एकटीने सोलल्या होत्या, बोटं हिरवी झाली होती, मला फोटो पाठवला होता. त्यांनी पिशवी दोन्ही हातांत धरली आणि मग मला दिली. मी काहीच बोलू शकले नाही. येत्या जानेवारीत दोघी मिळून सोलणार आहोत, आणि सोलून लगेच दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकून मगच गोठवणार. दर वर्षी मार्चनंतर मटारला गवतासारखी चव यायची ती उकळत्या पाण्यातून न काढल्यामुळे, असं नंतर वाचलं.

चार डबे रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवले. सकाळी वास घेतला, निव्वळ हापूस. आईंनी पितळेची कढई काढली, पण आंबट रस म्हणून मी त्यांना स्टीलचं पातेलं दिलं. दोन तास हलवत होत्या. गोळा झाला, त्याच्या वड्या थापल्यात. बाबांना नखाएवढी मिळाली, साखर आहे म्हणून. तिखल्याबद्दल ते अजून रुसलेत, उद्या ताजे बांगडे आणतेय.

आणि फ्रीजर पुसून झाल्यावर बाबांनी स्वतः वाटीत पाणी ठेवलं. गोठल्यावर त्यावर दोन रुपयांचं नाणं ठेवलंय. संध्याकाळपासून दोनदा उघडून बघून झालं त्यांचं.